आम्ल कुठल्या बाटलीतलं?

मे महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या रसायनांच्या खोलीत शिरायचं म्हणजे आधी दार सताड उघडून पाच मिनिटं बाहेर थांबावं लागे. वर पत्रा, बाहेर ४४-४५ अंश, आत किती ते मोजायला कुणी जात नसे. अशाच एका दुपारी फॉर्मिक आम्लाच्या बाटलीचं बूच जरासं फिरवलं, तर ते सोड्याच्या बाटलीसारखं फस्स करून उडालं. आमचा प्रयोगशाळेतला परिचर साक्रीकडचा. तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "सर, जित्तं शे का काय हाई?"

जित्तं नव्हतं, उलट जीव घेणारं होतं. शुद्ध फॉर्मिक आम्ल नुसतं ठेवलं तरी फार सावकाश मोडत राहतं, उन्हाळ्यात जरा जास्तच. त्यातून पाणी होतं आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरने माणसं जातात ती याच वायूने. त्याला ना रंग, ना वास. त्या दुपारी आम्ही दोघं खिडक्या उघड्या टाकून बाहेर निंबाखाली जाऊन बसलो. चहा झाल्यावर परत गेलो.

इंधन म्हणून हायड्रोजन वापरण्यावरच्या हल्लीच्या लेखांत याच आम्लाला कुणी 'द्रवरूप हायड्रोजन' म्हणतं, कुणी 'कॅनमधली वीज'. ते खोटं नाही. पण धुळे-जळगाव-नंदुरबारच्या लोकांसमोर ही गोष्ट मांडायची, तर ती बाटली वगळून मांडता येणार नाही.

आधी या आम्लाचं कौतुक करतो, कारण ते करण्यासारखं आहे. मुंगळा चावल्यावर जी आग होते, तिच्यात या आम्लाचा वाटा असतो. १६७१ साली इंग्लंडातल्या जॉन रे यांनी मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून मिळालेल्या या आम्लाची नोंद केली, आणि मुंगीच्या लॅटिन नावावरूनच त्याला नाव मिळालं. रेणू अगदी लहान: एक कार्बन, दोन ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. वजनात हायड्रोजन अवघा ४.४ टक्के, म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण द्रव जड असल्यामुळे एका लिटरमध्ये ५३ ग्रॅम हायड्रोजन बसतो. हायड्रोजनवरच्या मोटारीत वायू ७०० बारपर्यंत दाबून भरतात, आपल्या मोटारीच्या चाकातल्या हवेपेक्षा तीनशे पट दाब, आणि तरी त्या टाकीत लिटरमागे ४० ग्रॅमच्या आसपासच मावतो. इकडे हे आम्ल साध्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये, बिनदाबाचं, टेम्पोत टाकून नेता येतं. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर दाबाच्या टाक्या चढवायच्या की कॅन, हे सांगायला रसायनशास्त्र शिकावं लागत नाही.

आता त्यातून हायड्रोजन काढायचा कसा? इथे धातू येतो. भाऊबंदकीतल्या वाटणीसारखं हे प्रकरण आहे. या आम्लाची वाटणी दोन तऱ्हांनी होऊ शकते. एका वाटणीत एकीकडे हायड्रोजन जातो, दुसरीकडे कार्बन डायऑक्साइड. दुसऱ्या तऱ्हेत एकीकडे पाणी आणि दुसरीकडे तोच विषारी मोनॉक्साइड, जो आमच्या बाटलीत झाला. दोन्ही वाटण्या आपोआप व्हायला तयार असतात, फक्त कुणीतरी पंच बसावा लागतो, आणि पंच कोण यावर वाटणी ठरते. गंधकाम्ल पंच बसवलं तर हमखास मोनॉक्साइड. आम्ही पदवीच्या वर्गाला तो वायू असाच करून दाखवत असू. पॅलेडियम, रुथेनियम, इरिडियम यांपैकी कुणी बसला तर बहुतेक वेळा पहिली वाटणी होते. आम्लातला हायड्रोजन धातूच्या पृष्ठभागावर उतरतो, उरलेला भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, आणि धातूवरचे हायड्रोजन दोनदोनांच्या जोडीने वायू होऊन बाहेर पडतात. धातू तिथल्या तिथे, पुढच्या रेणूसाठी मोकळा. यासाठी भट्टी लागत नाही. चांगला उत्प्रेरक, म्हणजे असा पंच, असेल तर कोमट पाणी पुरतं, कधी तेही नको.

हे नवं नाही. धातूंच्या संयुगांनी हे आम्ल मोडल्याची नोंद १९६७ची आहे. मग चाळीस वर्षं तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २००८ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान आणि जर्मनीतल्या रॉस्टॉक इथल्या दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रुथेनियम वापरून बेताच्या तापमानांत हायड्रोजन काढून दाखवला आणि गाडी सुरू झाली. २०११ साली रॉस्टॉकच्याच गटाने लोखंडाच्या संयुगाने तेच केलं, ८० अंशांवर. लोखंडाच्या एकेका अणूने ९२ हजारांवर रेणू मोडले, तेव्हा कुठे तो थकला. पॅलेडियम रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून येतं, लोखंड आपल्या दारात. बातमी वाचून मी वर्गात पेढे वाटायचाच राहिलो होतो. नंतर मूळ निबंध नीट वाचला. लोखंड स्वस्त खरं, पण त्याला चारी बाजूंनी धरून ठेवणारा जो फॉस्फिनचा रेणू लागतो, तो बनवायला किचकट आणि महाग. बैल स्वस्तात मिळाला, पण जू चांदीचं.

धातू आणि हायड्रोजन ही जोडी खान्देशाला परकी नाही, हे आमच्या मुलांना सांगावं लागतं. डिसेंबर १९४५ मध्ये अंमळनेरात वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. वनस्पती तूप म्हणजे काय? तेलात निकेलची भुकटी टाकून, तापवून, त्यात हायड्रोजन मुरवायचा. निकेल मध्यस्थी करतं आणि पातळ तेल घट्ट होतं. त्या कंपनीचं पुढे विप्रो झालं आणि ती बंगळुरूला जाऊन संगणकाची झाली. अंमळनेरला लोक तिच्या शेअर्सच्या गोष्टी रंगवून सांगतात, निकेलची गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्या तालुक्याच्या गावात धातूचा उत्प्रेरक वर्षानुवर्षं टनांच्या हिशेबाने राबला, त्याच जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला आज उत्प्रेरक म्हटलं की तो फक्त परीक्षेच्या व्याख्येत आठवतो.

असो. हिशेबाकडे येतो. हायड्रोजनच्या बाबतीत हिशेब न करता टाळ्या वाजवण्याची आपल्याला घाई असते.

एक किलो हायड्रोजनसाठी २३ किलो फॉर्मिक आम्ल मोडावं लागतं. आम्ल किलोला ५० रुपये धरलं, तर नुसत्या कच्च्या मालाचे ११५० रुपये झाले. एका लिटर आम्लातल्या हायड्रोजनमध्ये पावणेदोन युनिटच्या आसपास ऊर्जा असते. फ्युएल सेलमधून, म्हणजे हायड्रोजनपासून थेट वीज करणाऱ्या घटातून, त्यातली निम्मी विजेच्या रूपात हाती लागली तर पाऊण-एक युनिट. म्हणजे एक पंखा आणि दोन एलईडी दिवे, रात्रभर. लहान जनरेटर लिटरभर डिझेलवर तीन युनिटच्या आसपास देतो. तेव्हा आम्लाचे तीन कॅन म्हणजे डिझेलचा एक. मोबाइलच्या टॉवरवाल्याला हे सांगा, तो हसेल आणि आपला जनरेटर सुरू करेल.

आणखी एक आकडा मला जास्त बोचतो. एक किलो हायड्रोजन सुटताना २२ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन करणाऱ्या कारखान्यात हाच आकडा नऊ-दहा किलोंच्या घरात असतो, आणि त्यालाच आपण 'करडा हायड्रोजन' म्हणून नाकं मुरडतो. आता बाजारात मिळणारं फॉर्मिक आम्ल बहुतेक कशापासून होतं? कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनॉलपासून, आणि ते दोन्ही येतात कोळसा, तेल किंवा नैसर्गिक वायूतून. आपल्या शेजारी भरूचला या आम्लाचा मोठा कारखाना आहे. सुरतेच्या रस्त्याने टँकर चार-सहा तासांत धुळ्यात येईल. ते आम्ल आणून, त्यात कितीही नाजूक उत्प्रेरक घालून हायड्रोजन काढला आणि त्याला हिरवा रंग फासला, तर ती फसवणूक होईल. शास्त्रज्ञ उत्प्रेरकाच्या वेगाच्या गोष्टी करतात, पुढारी हायड्रोजनच्या बसच्या, आणि मधल्यामध्ये आम्ल आलं कुठून हे विचारायचं राहून जातं. खान्देशाने हा प्रश्न धरून बसावं. बाकीचं त्याच्यामागून येईल.

आता शेताकडे चला. जानेवारीत जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही रस्त्याने जा. कापूस वेचून झालेला, उभ्या काड्या करड्या पडलेल्या. कृषी खातं दरवर्षी घसा फोडून सांगतं: फरदड, म्हणजे तेच जुनं पीक लांबवून, घेऊ नका, काड्या उपटा, नाहीतर गुलाबी बोंडअळी तिथेच मुक्काम करते. शेतकरी उपटतोही, पण उपटून करायचं काय? थोड्या चुलीला जातात, बाकी बांधावर रचून पेटवून दिल्या जातात. तिकडे रावेर-यावलला केळीचा घड कापला की खांब उभा राहतो. माझ्या एका नातेवाइकाच्या, आप्पांच्या, बागेत मी एकदा हौसेने विळा हातात घेतला. खांब पाण्याने इतका भरलेला, की कापताना अंगावर चीक उडतो आणि सदऱ्यावरचा तो डाग सदरा फाटेपर्यंत सोबत करतो. एक खांब उचलायला दोघं लागले. आप्पा बांधावर उभे राहून हसत होते. म्हणाले, "घडाचा पैसा व्यापारी देतो, खांबाचा खर्च मी देतो."

याच दोन गोष्टींपासून फॉर्मिक आम्ल होऊ शकतं. हे काही माझ्या डोक्यातलं पिल्लू नाही. २०११ सालीच जर्मनीत एरलांगेनच्या संशोधकांनी दाखवलं, की मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम असलेला, पाण्यात विरघळणारा एक उत्प्रेरक घेऊन ऑक्सिजनच्या दाबाखाली, पाणी उकळण्याच्याही आत, लाकूड-काडीसारखा जैव माल तोडता येतो, आणि हाती फॉर्मिक आम्ल येतं. सोबत निघतो तो कार्बन डायऑक्साइड. सगळं पाण्यातच चालतं, म्हणून माल वाळवायची गरज नाही. वाळवायचं नाही, ही केळीच्या खांबासाठी केवढी मोठी गोष्ट आहे ते तो खांब उचलणाऱ्याला विचारा. त्यात नव्वद टक्क्यांवर पाणीच असतं. जाळायला घेतला तर आधी त्याचं पाणी जाळण्यातच इंधन संपेल. आणि यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड त्या केळीने, त्या कपाशीने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो. मघाचा २२ किलोंचा आकडा तोच राहतो, पण तो जमिनीखालून उकरून काढलेला नसतो.

मला माहीत आहे, इथे जाणकार वाचक हात वर करेल. पहिली हरकत: दिवसा सूर्य आहे, साक्रीला २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे; मग वीज सरळ बॅटरीत का साठवू नये? साठवावी. संध्याकाळच्या चार तासांसाठी बॅटरीसारखं काही नाही. शंभर युनिट घातले तर पंचाऐंशी परत येतात. तीच वीज वापरून हायड्रोजन, हायड्रोजनचं आम्ल, आम्लाचा परत हायड्रोजन आणि त्याची परत वीज असा द्राविडी प्राणायाम केला तर तीस परत आले तरी नशीब. म्हणून विजेपासून आम्ल करण्याच्या फंदात खान्देशाने पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ल उपयोगी पडेल ते महिनोन् महिने साठवायला, जिथे तारा पावसात आठ-आठ दिवस बंद राहतात तिथे. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांतल्या आरोग्य उपकेंद्राचा लशींचा फ्रिज, असल्या ठिकाणी. तिथे डिझेल पोचवण्याचा खर्च धरला की मघाशी हसलेला टॉवरवालासुद्धा जरा थांबून विचार करेल.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. काड्यांच्या गोळ्या करून औष्णिक केंद्रात कोळशाबरोबर जाळायला सरकारच सांगतंय, भुसावळजवळचं दीपनगरचं केंद्र आपल्याच भागात आहे. मग काड्या तिकडेच का जाऊ नयेत? जाव्यात. कपाशीची काडी वाळकी असते, जळायला बरी असते, आणि शेतकऱ्याला ज्याच्याकडून रोख मिळेल त्याला त्याने ती द्यावी. दीपनगरला जाणार नाही ते ओलं: केळीचा खांब, पानं, भाजीबाजाराचा कचरा. त्यावर हक्क सांगायला आज कुणीच आलेलं नाही.

तिसरी हरकत मीच घेतो, कारण वीस वर्षांपूर्वी मी तिच्यात फसलो होतो. मोगली एरंड लावा, डिझेल पिकवा असं सांगणाऱ्या व्याख्यानांना मी टाळ्या वाजवल्या आहेत, एकदा तर अध्यक्षस्थानावरून. बांधावर एरंड उगवला, तेल काही कुणाच्या इंजिनात गेलं नाही. फॉर्मिक आम्लाचं तसंच होईल का? होऊ शकतं. एक फरक मात्र आहे. मोगली एरंडाच्या तेलाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, खाताही येत नव्हतं. फॉर्मिक आम्लाला आजच गिऱ्हाईक आहे: रबराचा चीक गोठवायला, कातडी कमवायला, कापड रंगवायला, गुरांचा मुरघास टिकवायला. हायड्रोजनची सगळी स्वप्नं पाण्यात गेली तरी आम्ल विकलं जाईल. बुडाला तर व्याज बुडेल, मुद्दल राहील.

मग अडतंय कुठे? दोन ठिकाणी. काडीपासून निघणारं आम्ल पातळ असतं, पाण्यात मिसळलेलं आणि मळकं. ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध करू म्हटलं तर रसायनशास्त्र आडवं येतं: पाणी आणि फॉर्मिक आम्ल यांचं १०७ अंशांवर असं मिश्रण होतं, की सत्त्याहत्तर टक्क्यांच्या पुढे साधं उकळून ते वेगळंच होत नाही, आणि तिथवर यायलाही भरपूर उष्णता जाते. उष्णता जाळून हायड्रोजन मिळवायचा असेल तर बांधावरची होळी काय वाईट होती? म्हणून गरज आहे ती पातळ, मळक्या आम्लातही न थकता राबणाऱ्या उत्प्रेरकाची. पातळ आम्लाचा एक फायदाही आहे. ते शुद्ध आम्लासारखं उन्हाळ्यात मोडत नाही, बूच उडवत नाही. असं पातळ आम्ल कॅनमधून लांब नेणं परवडणार नाही, पण ते जिनिंगच्या आवारात, केळीच्या पॅकहाउसच्या मागे जिथे झालं तिथेच मोडलं, तर नेण्याचा प्रश्नच नाही.

हे संशोधन कोण करणार? जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. त्यातले १७,४९० कोटी हायड्रोजन आणि त्याची यंत्रं बनवणाऱ्यांच्या प्रोत्साहनासाठी. संशोधनाला ४०० कोटी. शंभरातले दोन. हायड्रोजनची मोठी केंद्रं ठरली ती बंदरांवर: कांडला, पारादीप, तुतिकोरिन. बरोबर आहे, माल परदेशी पाठवायचा तर समुद्र लागतो. पण तापी-पांझरेच्या काठाला या सगळ्यात वाटा मिळायचा असेल तर तो त्या दोन टक्क्यांतूनच मिळेल, आणि तो मागावा लागेल. जळगावला बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ आहे, त्यात रसायनशास्त्राची शाळा आहे, तिन्ही जिल्ह्यांत विज्ञान महाविद्यालयं आहेत. कच्चा माल त्यांच्या भिंतीपलीकडे पडलेला आहे. एरलांगेनच्या माणसाला केळीचा खांब मागवावा लागेल.

पैसा मिळाल्यावर तो कशावर जातो याची मात्र मला धास्ती आहे. फॉर्मिक आम्लावरचे शोधनिबंध वाचून पाहा. बाजारातलं ९८ टक्के शुद्ध आम्ल, सूक्ष्म पॅलेडियम, पहिल्या दहा मिनिटांचा वेग, आणि शेवटी 'आजवरच्या सर्वोच्च वेगांपैकी एक'. मोनॉक्साइड किती निघाला हे कित्येक ठिकाणी 'आढळला नाही' एवढ्यावर उरकलेलं. आमचं यंत्र किती कमी मोनॉक्साइड मोजू शकतं, ते नाही. फ्युएल सेलमधल्या प्लॅटिनमला दहा लाखांत दहा भाग मोनॉक्साइडही सोसत नाही. पाचदा वापरून उत्प्रेरक 'टिकाऊ' ठरतो. पाचदा वापरून टिकाऊ ठरणारी मोटार आपण घेऊ का?

निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी एका विद्यार्थिनीबरोबर मी हा प्रयोग केला होता. यंत्र म्हणाल तर पाण्याने भरलेलं उलटं ब्युरेट, एक चंचुपात्र, कोमट पाण्याचं भांडं. जगातल्या भारी प्रयोगशाळांतही वायू असाच मोजतात, हे तिला खरं वाटेना. कोळशावर चढवलेल्या पॅलेडियमची चिमूटभर काळी भुकटी आमच्याकडे कित्येक वर्षं सोन्यासारखी जपलेली होती. ती ओलीच ठेवून टाकली, कोरडी ठेवली आणि हायड्रोजन लागला तर हवेत पेट घेते. शुद्ध आम्ल आणि थोडं सोडियम फॉर्मेट. बुडबुडे असे सुटले की ब्युरेटमधलं पाणी डोळ्यांदेखत उतरत गेलं. पोरगी टाळ्या वाजवायला लागली.

मग मी तिला कपाटाच्या खालच्या कप्प्यातला दुसरा कॅन आणायला सांगितलं. कातड्याच्या धंद्यातल्या एका ओळखीच्या माणसाने दिलेलं, पिवळट, तळाशी गाळ असलेलं आम्ल. तीच भुकटी, तेच पाणी. सुरुवातीला बुडबुडे आले, मग तुरळक झाले, आणि पाणी ब्युरेटच्या अर्ध्यावर येऊन थांबलं ते थांबलंच. तिने वहीत पहिला आकडा ठळक लिहिला होता. दुसरा लिहायचा का, असं तिने विचारलं.

संशोधनाचा निधी वाटणाऱ्यांच्या अर्जात 'मौलिकता', 'राष्ट्रीय महत्त्व' असे पुष्कळ रकाने असतात. त्यात आणखी एक टाका: आम्ल कुठल्या बाटलीतलं वापरणार? आणि रावेरच्या खांबापासून केलेलं मळकं आम्ल घेऊन, निकेल-लोखंडासारख्या स्वस्त धातूवर, हजार तास प्रयोग चालवायला जो तयार असेल, त्याचा वेग जगात शेवटून पहिला आला तरी चालेल, पहिला धनादेश त्याच्या नावाने काढा. तिला मी सांगितलं, दुसरा आकडा वर लिही, पहिला खाली.